ऑर्केस्ट्रातील शंभर वादक एकत्र कसे वाजवतात?

ऑर्केस्ट्रातील वादकासमोर जो कागद ठेवलेला असतो, त्यावर केवळ त्याच्या स्वतःच्या वाद्याचे स्वर लिहिलेले असतात. दुसऱ्या क्रमांकाच्या ओबोवादकाला चाळीस बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे चाळीस लहान गट, गप्प बसायचे असेल, तर त्याच्या कागदावर एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर ४० हा आकडा एवढेच दिसते. त्या चाळीस बारांमध्ये व्हायोलिने काय वाजवणार आहेत, ट्रम्पेट कोठे उठणार आहे, चेलो कधी थांबणार आहेत, यांपैकी काहीही त्या कागदावर नसते. फार मोठ्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरुवात करायची असेल, तर शेजारच्या एखाद्या वाद्याचे दोन-चार स्वर खुणेसाठी बारीक अक्षरांत छापलेले असतात, इतकेच. संपूर्ण रचना एकाच वेळी पाहू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे कंडक्टर. त्याच्यापुढच्या जाड ग्रंथात, ज्याला स्कोअर म्हणतात, वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक रचलेल्या असतात. त्याला मात्र एकही स्वर वाजवायचा नसतो.

ज्याला सगळे दिसते तो वाजवत नाही आणि जे वाजवतात त्यांना एकच ओळ दिसते, अशी ही मूळ अडचण आहे. ऑर्केस्ट्राची रचना, त्यातील बैठक, हुद्दे आणि सवयी बारकाईने पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक गोष्टी याच अडचणीतून मार्ग काढण्यासाठी घडत गेल्या आहेत, असे माझे मत आहे. कंडक्टरच्या हातवाऱ्यांमुळे सारे एकत्र चालते, हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते फार अपुरे आहे.

आधी माणसे मोजू. पूर्ण आकाराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात साधारणपणे ऐंशी ते शंभर वादक असतात आणि त्यांतील जवळजवळ साठ जण गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांवर असतात: पहिली व्हायोलिने १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १० आणि डबल बास ८, अशी संख्या मोठ्या रचनांसाठी रूढ आहे. त्यांच्या मागे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही लाकडी घराण्यातील सुषिरवाद्ये, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्ये, दोन-दोन, तीन-तीन किंवा चार-चार. त्यांच्याही मागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्ये. आणि सर्वांत शेवटी टिंपनी, झांजा व इतर तालवाद्ये. हा आकार एकदम आलेला नाही. १७७० च्या दशकात संगीतकार हायडन ज्या एस्तरहाझी राजघराण्याच्या पदरी होता, तेथील वादकांची संख्या वीस-पंचवीसच्या घरात असे. १९१० मध्ये म्युनिकमध्ये माहलर या संगीतकाराची आठवी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची एकाहून अधिक भागांची दीर्घ रचना, प्रथम सादर झाली, तेव्हा गायकवृंद धरून व्यासपीठावर हजाराहून अधिक कलावंत होते.

सोळा जणांनी एकच ओळ वाजवण्याची गरज काय, असा प्रश्न साहजिक आहे. आवाज सोळापट मोठा व्हावा म्हणून, असे उत्तर सुचते, पण आपला कान तसे मोजत नाही. सोळा सारखी व्हायोलिने एकत्र वाजली, तर ध्वनीची पातळी एका व्हायोलिनपेक्षा सुमारे १२ डेसिबलने वाढते आणि कानाला तो आवाज दुपटीपेक्षा थोडाच अधिक वाटतो. त्यामुळेच एकटा ट्रम्पेटवादक मनात आणले तर व्हायोलिनांची अख्खी रांग झाकून टाकू शकतो, आणि त्यामुळेच तंतुवाद्ये पुढे व संख्येने जास्त, तर पितळी वाद्ये मागे व मोजकी ठेवावी लागतात. परंतु संख्येमागचे याहून सुंदर कारण नादाच्या पोताचे आहे. सोळा माणसांचे स्वर कितीही जुळलेले असले, तरी प्रत्येकाच्या बोटाचा कंप, गजाचा दाब आणि स्वर सुरू होण्याचा क्षण यांत अतिसूक्ष्म फरक असतोच. हे फरक एकमेकांत मिसळतात, तेव्हा कोणत्याही एका वाद्यातून न निघणारा मऊ, रुंद आणि झळाळता नाद तयार होतो. फरक फार वाढले तर गोंगाट होतो. तेव्हा किती फरक राहू द्यायचा, हीच त्या रांगेची कारागिरी.

सुषिरवाद्यांचे जग याच्या अगदी उलट आहे. तेथे प्रत्येकाची ओळ वेगळी असते आणि ती वाजवणारा तो एकटाच असतो. व्हायोलिनच्या सातव्या रांगेत एखादा स्वर निसटला तर तो श्रोत्यांपर्यंत पोहोचेलच असे नाही. पहिल्या ओबोचा स्वर निसटला तर संपूर्ण सभागृहाला कळतो. हॉर्नची अवस्था आणखी कठीण. एफ पट्टीतील हॉर्नची नळी उलगडली तर ती सुमारे पावणेचार मीटर लांब भरते आणि इतक्या लांब नळीत वरच्या सप्तकातील नैसर्गिक स्वर एकमेकांना अगदी खेटून बसलेले असतात. ओठांचा ताण केसाएवढा चुकला, तर हवा तो स्वर ओलांडून शेजारच्या स्वरावर जाऊन बसते. हॉर्नवादक चुकला म्हणून हळहळणाऱ्या श्रोत्याने ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

ओबोच्या बाबतीत परिश्रमाचा मोठा भाग श्रोत्यांना कधीच दिसत नाही. ओबोतील ध्वनी बोरूसारख्या वनस्पतीच्या दोन पातळ पात्या एकत्र बांधून केलेल्या रीडमधून निघतो आणि व्यावसायिक वादक ही रीड सहसा स्वतःच तासून तयार करतात. चांगली जमलेली रीडही काही दिवस ते काही आठवडेच साथ देते. शिवाय हवेतील दमटपणा बदलला की तिचा स्वभावही बदलतो. त्यामुळे ओबोवादकाच्या आयुष्यातील कितीतरी तास वाद्य वाजवण्यात नव्हे, तर चाकू हातात घेऊन पात्या तासण्यात जातात.

याच ओबोने कार्यक्रमापूर्वी एक लांब स्वर धरायचा आणि बाकीच्यांनी आपापली वाद्ये त्याला मिळवून घ्यायची, अशी प्रथा आहे. ओबोचा नाद भेदक व स्थिर असल्यामुळे तो गर्दीतूनही स्पष्ट ऐकू येतो, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. त्या स्वराला ए म्हणतात. १९३९ मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याची आंदोलनसंख्या सेकंदाला ४४० असावी, अशी शिफारस केली. तरीही युरोपातील अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर वाद्ये लावणे पसंत करतात. पण या एका स्वराने सूर मिळवण्याचे काम संपते, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल, कारण ते काम तेथे केवळ सुरू होते. दिव्यांच्या उष्णतेने आणि वादकांच्या श्वासाने सुषिरवाद्यांमधील हवा तापते व त्यांचे स्वर चढू लागतात. त्याच उष्णतेने तारा सैलावतात व तंतुवाद्यांचे स्वर उतरू लागतात. दोन घराणी विरुद्ध दिशांना सरकत असताना प्रत्येकाला आपला स्वर क्षणोक्षणी सावरावा लागतो.

त्याहूनही नाजूक बाब स्वरसंवादाची आहे. समजा, दोन हॉर्न, एक बसून आणि एक क्लॅरिनेट मिळून तीन स्वरांचा एक मेळ धरून आहेत आणि त्यांतील षड्ज, पंचम व शुद्ध गंधार वेगवेगळ्या वाद्यांकडे आहेत. पियानोवरचा गंधार सप्तकाच्या बारा समान भागांच्या हिशेबाने लावलेला असल्यामुळे नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तो तसाच वाजवला तर मेळ खडबडीत लागतो; गंधार वाजवणाऱ्याने तो केसभर उतरवला, तर मेळ एकदम शांत व पारदर्शक होतो. आता त्या वादकाच्या कागदाकडे पाहा. त्यावर एक स्वर लिहिलेला आहे. तो या मेळातील गंधार आहे की पंचम, हे कोठेही लिहिलेले नाही. पुढच्याच मेळात तोच स्वर पंचमाच्या जागी येऊ शकतो आणि मग तो उतरवून चालत नाही. ही माहिती कानांनीच मिळवावी लागते आणि तीही स्वर लागताच. ऑर्केस्ट्रातील वादक सर्वाधिक काळ काय करतो असे मला विचारले, तर तो ऐकत असतो, असेच मी सांगेन.

पण केवळ ऐकूनही भागत नाही, आणि याचे कारण ध्वनीचा वेग हे आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. व्यासपीठावर पहिल्या रांगेतील व्हायोलिनांपासून मागच्या तालवाद्यांपर्यंत पंधरा मीटर अंतर धरले, तर व्हायोलिनचा स्वर तेथे पोहोचायला सुमारे चार शतांश सेकंद लागतात. मागच्या वादकाने तो स्वर ऐकून त्याच्याशी जुळवून आघात केला, तर त्या आघाताला पुन्हा तेच अंतर कापून पुढे यावे लागते. म्हणजे श्रोत्यांना तो जवळजवळ नऊ शतांश सेकंद उशिरा ऐकू येतो. जलद लयीत एवढा उशीर स्पष्ट जाणवतो. म्हणून मागे बसलेल्यांनी आपल्या कानाला जे बरोबर वाटते त्याच्या किंचित आधी, डोळ्यांनी कंडक्टरची काठी पाहून वाजवायचे असते. त्यांच्या स्वतःच्या कानांना त्या वेळी आपण घाई करत आहोत असे वाटत राहते आणि तरीही त्यांना तसेच वाजवावे लागते. याउलट शेजारीशेजारी बसलेल्या फ्लूट आणि ओबो यांना एकत्र राहण्यासाठी काठीपेक्षा एकमेकांचा श्वास अधिक उपयोगी पडतो. केव्हा डोळ्यावर विसंबायचे आणि केव्हा कानावर, हे शिकायला वर्षे लागतात आणि एकट्याने सराव करून ते येत नाही.

आता कंडक्टरकडे येऊ. त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्रा दाखवणे हे नसून मात्रेच्या आधीची तयारी दाखवणे हे आहे. पहिला स्वर वाजण्यापूर्वी तो हात वर उचलतो. त्या एका उचलण्यात लय किती, आवाज किती आणि स्वर धारदार लागायचा की मऊ, हे तिन्ही सांगून झालेले असते, कारण वादकांना स्वर सुरू करण्यासाठी ही माहिती त्या क्षणाआधी मिळायला हवी. काठी खाली आल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही. उरलेले मोठे काम तालमीत होते: कोणाचा आवाज दबावा, कोणती ओळ वर यावी, कोणत्या ठिकाणी श्वास घ्यावा. त्यासाठी स्कोअर मनात ऐकता यावा लागतो. त्यातही एक गुंतागुंत असते, ती म्हणजे क्लॅरिनेट, हॉर्न अशा काही वाद्यांचे स्वर लिहिले जातात एका पट्टीत आणि ऐकू येतात दुसऱ्या पट्टीत. कंडक्टर ते वाचतानाच मनातल्या मनात बदलून घेतो.

ही भूमिका वाटते तितकी जुनी नाही. सतराव्या शतकात लुली हा फ्रेंच दरबारातील संगीतकार जड काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. ती पायावर बसून झालेली जखम चिघळली आणि त्यातच १६८७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. अठराव्या शतकात हे नेतृत्व बहुधा पहिल्या व्हायोलिनवादकाकडे किंवा हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर बसलेल्या संगीतकाराकडे असे. रचना लांबल्या, वाद्ये वाढली, लय रचनेच्या मध्येच बदलू लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात न वाजवणारा कंडक्टर आवश्यक ठरला. लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रात १८३५ पासून संगीतकार मेंडेलसोनने घालून दिलेली शिस्त या बदलातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

कंडक्टर नसेल तर काय होते, याचेही प्रयोग झाले आहेत. मॉस्कोमध्ये १९२२ मध्ये पेर्सिम्फान्स नावाचा ऑर्केस्ट्रा स्थापन झाला. त्यातील वादक एकमेकांना दिसावेत म्हणून वर्तुळात बसत आणि सारे निर्णय चर्चेने घेत. तो सुमारे दहा वर्षे चालला. न्यूयॉर्कमध्ये १९७२ पासून काम करणारा ऑर्फियस हा लहान आकाराचा ऑर्केस्ट्राही कंडक्टरविना वाजवतो. म्हणजे ही गोष्ट शक्य आहे, पण तिची किंमत तालमींच्या वेळात मोजावी लागते. अनेक ऑर्केस्ट्रांना दर आठवड्याला नवा कार्यक्रम अवघ्या तीन-चार तालमींत उभा करायचा असतो. तेथे प्रत्येक प्रश्नावर चर्चा करायला वेळ नसतो.

कंडक्टर आणि वादक यांच्या दरम्यान आणखी एक साखळी असते आणि माझ्या मते ऑर्केस्ट्राचे खरे बळ तिच्यात आहे. प्रत्येक वाद्यगटाचा एक प्रमुख असतो आणि पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख, ज्याला कॉन्सर्टमास्टर म्हणतात, तो सर्व वादकांमध्ये ज्येष्ठ मानला जातो. गज कोणत्या स्वरावर खाली ओढायचा आणि कोणत्या स्वरावर वर ढकलायचा, हे तो ठरवतो. एकाच वेळी सगळ्यांचे गज एका दिशेने जाताना दिसतात, ते शोभेसाठी नसते. मुठीजवळ गज जड असतो आणि टोकाशी हलका, त्यामुळे खाली ओढलेल्या स्वराला आपोआप वजन येते व वर ढकललेला स्वर वाढत नेता येतो. दिशा बदलली की वाक्याचा उच्चारच बदलतो. या खुणा ऑर्केस्ट्राचा ग्रंथपाल प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने उतरवतो, आणि ती पेन्सिल थांबली तर तालमीच थांबतील. मात्र एकच दिशा हा काही अटळ नियम नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात कंडक्टर स्टोकोव्हस्की मुद्दाम प्रत्येकाला आपापल्या सोयीने गज फिरवू देत असे, म्हणजे सगळ्यांचे गज एकाच क्षणी उलटत नाहीत आणि स्वरांचा प्रवाह कोठेही तुटत नाही.

तंतुवाद्यांचे वादक दोघे-दोघे एका स्टँडवर, म्हणजे स्वरांचे कागद ठेवायच्या एकाच घोडीसमोर, बसतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक वाजवणे थांबवून पान उलटतो आणि बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो. ओळ दोन भागांत विभागली असेल, तर वरचा भाग बाहेरच्याचा आणि खालचा आतल्याचा. शेवटच्या स्टँडवर बसणे कमी प्रतिष्ठेचे आहे, असा एक गैरसमज बाहेर आढळतो. प्रत्यक्षात पुढून येणारा ध्वनी तेथे उशिरा पोहोचतो, प्रमुखाचा गज नीट दिसत नाही आणि मागून पितळी वाद्यांचा मारा होत असतो. अशा जागी बसून रांगेबरोबर राहणारा वादक फार भरवशाचा असावा लागतो.

एकत्र वाजवण्याइतकेच एकत्र गप्प बसणेही कठीण आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीत, जी व्हिएन्नामध्ये डिसेंबर १८०८ मध्ये प्रथम सादर झाली, ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग निमूट बसून असतात आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीलाच त्यांना पूर्ण तेजाने वाजवावे लागते. तोवर वाद्याची नळी थंड झालेली असते, ओठ थंड झालेले असतात, आणि तरी पहिलाच स्वर नेमका लागायला हवा. द्वोरझाक या संगीतकाराच्या १८९३ मधील नवव्या सिम्फनीत झांजेचा संपूर्ण रचनेत मिळून एकच आघात आहे, शेवटच्या भागात, आणि तोही मोठा नाही. तो एक आघात वेळेवर पडावा म्हणून त्या वादकाने तोपर्यंतचा सारा प्रवास मनाने इतरांबरोबर केलेला असतो.

अशा समूहात प्रवेश कसा मिळतो? रिकाम्या झालेल्या एका जागेसाठी शंभराहून अधिक उमेदवार येणे मोठ्या ऑर्केस्ट्रांना नवे नाही. उमेदवाराला एखाद्या कंचेर्तोचा, म्हणजे एकल वाद्य व ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा, भाग आणि प्रसिद्ध रचनांमधील अवघड तुकडे वाजवून दाखवावे लागतात. बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने १९५२ मध्ये पडद्याआडून परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि १९७० नंतर ही पद्धत अमेरिकेत सर्वत्र पसरली. पावलांच्या आवाजावरून उमेदवार स्त्री आहे की पुरुष याचा अंदाज येऊ नये, म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही अंथरला जातो. या काळजीची गरज होती. बर्लिन फिलहार्मोनिकने पहिली स्त्री वादक १९८२ मध्ये घेतली आणि १८४२ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व द्यायला १९९७ हे साल उजाडावे लागले. इतक्या वर्षांत किती उत्तम वादक दाराबाहेर राहिल्या असतील, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही बहुतेक ठिकाणी काही महिने ते दोन वर्षे अजमावणीचा काळ असतो. पडद्यामागे एकट्याने उत्कृष्ट वाजवणारा वादक रांगेत बसल्यावर शेजाऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर बदलतो का, हे पाच-दहा मिनिटांच्या परीक्षेत कळत नाही. ते शेजारी बसणाऱ्यांनाच कळते. म्हणून अनेक ऑर्केस्ट्रांमध्ये या काळाच्या अखेरीस सहवादकांचे मत निर्णायक ठरते. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक तर आपला मुख्य कंडक्टरही मतदानाने निवडतात आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९३३ पासून कायमचा मुख्य कंडक्टर ठेवलेलाच नाही.

हे सारे ज्या कानांवर उभे आहे, ते कान याच कामात धोक्यात येतात, ही या व्यवसायातील दुःखाची बाजू आहे. पितळी वाद्यांच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्या बसून किंवा व्हायोलाच्या वादकाला मोठ्या रचनांमध्ये ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दीर्घकाळ सहन करावा लागतो आणि ही पातळी कानांना कायमची इजा करू शकते. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आवाजावर मर्यादा घालणारे नियम २००८ पासून संगीतक्षेत्रालाही लागू झाले. वादकांच्या डोक्यामागे पारदर्शक पडदे उभारणे, मागच्या रांगा उंच करणे, जागा आलटून पालटून देणे असे उपाय केले जातात. कानात घालायची बुचे हा त्यांतील सर्वांत सोपा उपाय. पण बुचे घातल्यावर स्वतःच्या वाद्याचा नाद डोक्याच्या आत घुमतो आणि शेजाऱ्याचा स्वर दूर जातो. त्यामुळे अनेक वादक ती स्टँडच्या कडेला ठेवतात, ट्रॉम्बोन उठायच्या दोन-तीन बार आधी कानात घालतात आणि पुन्हा ओबोचा एकटा स्वर सुरू होण्यापूर्वी काढून ठेवतात.